घटस्थापनेच्या सुमारास स्वीटकॉर्न: परड्यातली तयारी

गणपती गेले की परड्यातले दोडक्या-कारल्याचे वेल उतरणीला लागतात, वाफे मोकळे होतात आणि आता इथं काय लावायचं हा विषय घरात निघतो. सातारा भागात माझं उत्तर स्वीटकॉर्न हेच आहे. तो जूनमध्येही लावता येतो, पण मेढा, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला संततधार लागली की कोवळ्या रोपांच्या मुळाशी पाणी साचतं आणि मक्याला पहिले तीन-चार आठवडे तेवढंच सोसत नाही. उन्हाळी लावणीची अडचण वेगळी. तुरा, म्हणजे शेंड्यावरचा फुलोरा, एप्रिलच्या उन्हात सापडला तर पराग करपतात, कणसाच्या टोकाचे केस वाळतात आणि कणसं अर्धीमुर्धी भरतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, म्हणजे घटस्थापनेपासून कोजागिरीच्या आसपासपर्यंत, जमीन अजून उबदार असते, पाऊस ओसरत आलेला असतो आणि तुरा नोव्हेंबरअखेरच्या सौम्य हवेत निघतो. पुढची सगळी तयारी याच हंगामाच्या हिशोबाने सांगतो.

पहिलं काम कुंपणापलीकडे बघण्याचं. कोरेगाव, कराड, वाई, कुठंही जा, घराच्या आसपास कुणाच्या ना कुणाच्या रानात जनावरांसाठी मका उभा असतोच. त्या मक्याचे पराग वाऱ्याने आपल्या कणसांवर आले, तर बिघाड त्याच कणसात दिसतो, पुढच्या पिकाची वाट बघावी लागत नाही. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर वैरणीच्या मक्याचा पराग पडला, तो दाणा गोड न होता पिठूळ होतो. उकडल्यावर एक घास गोड, दुसरा घट्ट आणि बेचव, आणि आपण बोल लावतो तो बियाण्याला.

म्हणून शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा की मका कधी पेरला, जात कुठली आणि कापणार कधी. तुरा यायच्या आत कापणार असतील तर काळजी मिटली. नसतील तर कागद-पेन घेऊन बसा, आणि पेरणीच्या नव्हे, तुऱ्याच्या तारखा मांडा. आपल्या स्वीटकॉर्नला टोकणीपासून, म्हणजे दाणे हातानं जमिनीत खोचल्यापासून, साधारण 50 ते 55 दिवसांत तुरा येतो. ‘आफ्रिकन टॉल’सारख्या वैरणीच्या उंच जातीला 65 ते 70 दिवस लागतात. समजा, शेजाऱ्यांनी 10 सप्टेंबरला पेरलाय. त्यांचा तुरा नोव्हेंबरच्या मध्यानंतर निघणार. आपण 1 ऑक्टोबरला टोकला तर आपला तुरा 20 ते 25 नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी गाठ पडली. दोन तुऱ्यांत तीन आठवड्यांचं अंतर हवं, तेव्हा आपली टोकण 20 ऑक्टोबरपर्यंत पुढे न्यायची. त्याहून पुढे मात्र नको, कारण थंडी पडली की या बियाण्याची उगवण रेंगाळते आणि बी जमिनीतच कुजायला लागतं. मध्ये घरं, दाट झाडी किंवा अडीच-तीनशे फुटांचं अंतर असेल तर धोका कमी होतो, पण वारा तिकडून थेट आपल्याकडे येत असेल तर मी फक्त अंतरावर विसंबणार नाही. हाच नियम आपल्या वाफ्यालाही लागू आहे. हौसेनं पॉपकॉर्नची एक ओळ किंवा स्वीटकॉर्नचाच दुसरा प्रकार शेजारी लावू नका. एका वेळी एकच वाण.

आता जागा. मक्याला दिवसातून सहा तास तरी सरळ ऊन लागतं; आंब्याच्या नाहीतर नारळाच्या सावलीत काठ्या वाढतात, कणसं भरत नाहीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे मक्याची सावली उत्तरेकडे पडते. परड्याच्या उत्तर कडेला तो लावला की वांगी-टोमॅटोचं ऊन अडत नाही. आकाराबद्दल मी हट्टी आहे. कुंपणाच्या कडेनं एक लांबलचक ओळ लावायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथंच हे पीक फसतं. तुरा रोपाच्या शेंड्याला, केस खाली मधल्या पानाशी. पराग वाऱ्यावर तरंगत खाली येणार. एकाच ओळीत ते सगळे बाजूला उडून जातात आणि कणसं दात पडल्यासारखी येतात. चौकोन करा, निदान चार ओळींचा. 10 फूट लांब आणि 8 फूट रुंद तुकड्यात दोन-दोन फुटांवर चार ओळी बसतात, आणि ओळीत नऊ-नऊ इंचांवर रोपं धरली तर पन्नासेक झाडं होतात. चौघांच्या घराला तेवढी पुरतात, कारण झाडाला चांगलं भरलेलं कणीस बहुतेक वेळा एकच मिळतं. तुमच्याकडे दहा झाडांचीच जागा असेल तर स्वीटकॉर्न नको, भेंडी लावा. तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक पदरात पडेल.

जमिनीची तयारी टोकणीच्या पंधरा दिवस आधी सुरू व्हावी. कुदळीनं वीतभर खोल खणून ढेकळं फोडा आणि माती चार-पाच दिवस उन्हात पडू द्या. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत परतीचा पाऊस एका रात्रीत तळं करतो, म्हणून तिथं सपाट वाफा न करता सरी-वरंबे काढा आणि वाफ्याच्या उताराच्या बाजूला पाणी निघून जायला चर ठेवा. सांगलीकडं वाळवा, मिरज, पलूस भागात काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. मातीवर पांढरी पापडी धरत असेल तर आधी माती तपासून घ्या, मक्याला क्षार मानवत नाहीत. साताऱ्याजवळ बोरगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारता येईल. माण-खटावच्या हलक्या, मुरमाड रानात निचऱ्याचा प्रश्न नाही, ओल टिकवण्याचा आहे. तिथं शेणखत वाढवा आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन हाताशी ठेवा. त्या तुकड्यात आधी घेवडा किंवा चवळी झाली असेल तर उत्तमच, शेंगवर्गीय पिकानंतर मका जोमानं येतो.

या 80 चौरस फुटांना चांगलं कुजलेलं शेणखत 20 किलो तरी हवं, म्हणजे दोन मोठी घमेली. खत आणल्यावर ते ताडपत्रीवर पसरून हातानं चाळून बघा. त्यात पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. अर्धकच्च्या खताबरोबर ती परड्यात येते आणि मक्याची मुळं खाऊन रोप उभंच्या उभं वाळवते. वेचून कोंबड्यांना घाला, आणि खतच कच्चं असेल तर ते या हंगामाला वापरूच नका.

मका खादाड आहे. नुसत्या शेणखतावर तो उभा राहतो, पण कणीस बारीक येतं. रासायनिक खत वर्ज्य नसेल तर टोकणीच्या वेळी 10:26:26 हे नत्र-स्फुरद-पालाशाचं मिश्रखत सुमारे 170 ग्रॅम ओळींतून मातीत मिसळा, आणि युरिया 75-75 ग्रॅमचे दोन हप्ते बाजूला काढून ठेवा. पहिला रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर, दुसरा तुरा निघायच्या आधी. दोन्ही वेळा ओल असताना, खोडापासून चार बोटं लांब. झिंक सल्फेट 20 ग्रॅम शेणखतात मिसळून द्या, स्फुरदाच्या खताबरोबर, म्हणजे त्या 10:26:26 बरोबर, एकत्र करू नका. कोवळ्या पानांवर शिरेच्या बाजूनं पांढरट पट्टे दिसले की जस्ताची कमतरता समजावी. सेंद्रियच करायचं असेल तर गांडूळखत दुप्पट हातानं द्या आणि कणसाचा आकार थोडा लहान धरून चाला.

बियाण्याला आता थोडा वेळ द्या. पाकीट उघडल्यावर दाणे सुरकुतलेले, हलके, चपटे दिसतात. बी जुनं आहे असं वाटून घाबरू नका. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जास्त गोड संकरित वाणांचं बी असंच असतं, कारण त्या दाण्यात साखरेचं पीठ फारसं होतच नाही. पण याचाच अर्थ रोपाला सुरुवातीची शिदोरी कमी, म्हणून त्याची खोलीही कमी लागते. साध्या मक्यासारखं दोन इंच खोल गाडलं तर ते वर येत नाही, एक इंच पुरे. पाकिटावरची चाचणीची आणि मुदतीची तारीख वाचा. टोकणीच्या आठ-दहा दिवस आधी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. आठ उगवले तर एका जागी दोन दाणे टाका, पाच-सहाच उगवले तर तीन. पन्नास झाडांना सव्वाशे दाणे हिशोबात धरा. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगात बुडवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते भिजत घालू नका, हाताळल्यावर हात धुवा, उरलेलं कोंबड्यांपुढे टाकू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका. संकरित वाणाचं घरचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी तीच गोडी येत नाही. बी धरायची हौस असेल तर ‘माधुरी’ किंवा ‘प्रिया’ यांसारखी संमिश्र, म्हणजे संकरित नसलेली, जात शोधा.

टोकण वाफशावर करा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली तर फुटावा, इतकीच ओल. त्याच दिवशी कागदी कपांत आठ-दहा दाणे वेगळे लावून ठेवा. नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला ते लागतात. मक्याला मुळं हललेली चालत नाहीत, तेव्हा दोन पानांवर असतानाच कपातली माती न फोडता रोप लावायचं. दहा-बारा दिवसांनी प्रत्येक जागी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटली तर शेजारच्या मुळाला धक्का बसतो. ओळींच्या मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर टाकता येते, मका सावली धरेपर्यंत ती निघून जाते. पहिला महिना खुरपणीत हयगय नको. गुडघ्याएवढी रोपं झाली की खोडाला मातीची भर लावा, नाहीतर वाऱ्यात आडवी होतील.

सर्वांत जास्त जागरूकता लष्करी अळीसाठी लागेल. ही अमेरिकेकडची कीड 2018 साली कर्नाटकात पहिल्यांदा आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. तेव्हापासून घरच्या चार ओळीही ती सोडत नाही. उगवणीनंतर आठव्या दिवसापासून एक दिवसाआड सकाळी प्रत्येक रोपाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, डोकवायचं. पानावर कागदासारखे पारदर्शक चट्टे ही सुरुवात असते. मग एका रांगेत भोकं आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसते. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके असले की ओळख पक्की. पन्नास झाडं असल्यावर हातानं वेचणं सहज जमतं, आणि तोच खरा उपाय आहे. पानाखाली लव असलेले अंड्यांचे पुंजके दिसले तर तिथंच चिरडा. बारीक कोरडी वाळू नऊ भाग आणि चुना एक भाग मिसळून चिमूट-चिमूट पोंग्यात टाकता येते. निंबोळी पावडर 250 ग्रॅम रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एकूण पाच लिटर करून संध्याकाळी थेट पोंग्यात फवारा. पावडर आधी आणून ठेवा. अळी दिसल्यावर दुकान शोधत फिरण्यात तीन दिवस जातात आणि तेवढ्यात ती पोंग्यात खोल उतरते. लहान पोरं जी कणसं झाडावरून तोडून कच्चीच खाणार, त्या कणसांवर मी कडक औषध मारणार नाही.

तुरा दिसला की पाण्यात खंड नको. झारीनं किंवा ठिबकनं मुळाशीच द्या, वरून शिंपडलं तर पराग धुऊन जातात. चार ओळींच्या चौकोनाला हाताची थोडी मदत करावी: सकाळी दव सुकल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, तुरे हलकेच झटका, किंवा पराग कागदावर घेऊन ताज्या केसांवर भुरभुरवा. हे चार-पाच सकाळी करा. कणसांना कागदी पिशव्या केस वाळल्यावर बांधा, आधी बांधल्या तर परागच पोचत नाहीत. पिशव्या पोपट आणि खारींना रोखतात. यवतेश्वर, सज्जनगड, पाचगणीकडं माकडांचा राबता असेल तर पिशवीचा काही उपयोग नाही, वरून आणि चारी बाजूंनी जाळी लागेल. तिचा खर्च पेलणार नसेल तर मका लावायचा की नाही हे आधीच ठरवा.

केस दिसल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. थंडीत तिथून साधारण 24 ते 28 दिवसांनी, केस तपकिरी होऊन वाळले पण पाला हिरवा आहे अशा वेळी, टोकाकडचा पाला जरा सोलून दाण्यात नख खुपसा. पाण्यासारखा रस आला तर थांबा, दुधासारखा आला तर तोडा. पिठासारखा झाला तर दिवस टळले. तोडल्या क्षणापासून साखर कमी व्हायला लागते. जास्त गोड वाणात हळू, जुन्या वाणात झपाट्यानं. म्हणून सकाळी तोडा आणि त्याच दिवशी उकडा, भाजा किंवा कीस करा. पन्नासच्या पन्नास कणसं आठ-दहा दिवसांतच तयार होतात, तेव्हा नाताळच्या सुट्टीत घरी कोण येणार आहे याचाही विचार टोकणीची तारीख ठरवताना करून ठेवा. उरलेली कणसं उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात बुडवा, पूर्ण गार झाली की सुरीनं दाणे काढा, फडक्यावर कोरडे करा आणि छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका.