स्वमग्न आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे कठीण जाणारी स्थिती) असलेल्या प्रेक्षकांसाठी व्हिडिओ ॲपची रचना

ॲप उघडताक्षणी ट्रेलर मोठ्याने वाजू लागला, की आवाज सहन न होणारे स्वमग्न मूल कानांवर हात दाबून धरते आणि आवडीची मालिका पाहायची राहूनच जाते. म्हणून ऑटोप्ले मुळातच बंद ठेवावा. आपोआप सुरू होणारा आवाज ३ सेकंदांहून अधिक चालत असेल, तर तो थांबवण्याची किंवा वेगळा कमी करण्याची सोय असावी, असे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचे, निकष सांगतात. माझ्या मते ही अगदी किमान अपेक्षा आहे. फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग निवडलेली असल्यास ॲपने ती पाळावी. ‘पुढे पाहा’ची जागा दर अपडेटला बदलू नये, कारण ओळखीची मांडणी हाच अनेकांचा आधार असतो. पुढचा भाग उलटी गणती न लावता प्रेक्षकाने होकार दिल्यावरच सुरू करावा.