छाती नाजूक असलेल्या मुलाची उन्हाची तयारी

शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीत टोपी, पाण्याची बाटली आणि ‘सनस्क्रीन लावून पाठवावे’ एवढंच लिहिलेलं असतं. दमा, ब्राँकिएक्टेसिस, सिस्टिक फायब्रोसिस किंवा फुप्फुसाचा दुसरा जुनाट आजार असलेल्या मुलाच्या आईबाबांना तेवढ्यावर भागवता येत नाही. दुकानात गेलं की डब्यांवर एसपीएफचे, म्हणजे उन्हापासून किती बचाव होईल ते सांगणारे, ३०, ५०, १०० असे आकडे दिसतात आणि आपण त्या आकड्यांतच अडकतो. या मुलांसाठी निवड आकड्यापासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. नाकावाटे आत काय जाईल आणि मुलाला कुठली औषधं चालू आहेत, हे आधी बघायचं. आकडा त्यानंतर. मी ऐरोलीला राहते, माझ्या मुलीला दमा आहे आणि तिची त्वचाही कोरडी, खाजरी आहे. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो उतरले की आमच्याकडे बोटीच्या सहली सुरू होतात, येऊरला आणि कर्नाळ्याला शाळांच्या बस निघतात. त्यासाठी घरी काय काय करून ठेवावं, ते इथे सांगते.

निघायच्या आठ-दहा दिवस आधी मुलाची फाईल काढा आणि सध्या चालू असलेली औषधं एका कागदावर उतरवून घ्या. साल्ब्युटामॉल किंवा ब्युडेसोनाइडच्या नेहमीच्या पंपाने त्वचा उन्हाला हळवी होत नाही. पण काही औषधांनी होते, आणि त्यातली बरीच छातीच्या आजारांतच दिली जातात. सगळ्यात जपायचं ते व्होरिकोनाझोलला. फुप्फुसात अस्परजिलस बुरशीचा त्रास असेल तर हे औषध कधीकधी महिनोन्महिने चालतं, आणि त्या काळात थोड्या उन्हानेही गाल, कान, ओठ लाल होऊन सोलवटू शकतात. फार काळ घ्यावं लागलं तर त्वचेच्या कर्करोगाची जोखीमही वाढते. म्हणून अशा मुलाने ऊनच टाळायचं असतं, सनस्क्रीन ही फक्त जोड. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल या औषधांनीही ऊन बाधतं. अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर उन्हापासून जपणं नेहमीच लागतं, सहलीपुरतं नाही. कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि सरळ विचारा, ‘यातल्या कशाने ऊन बाधेल? औषध थांबल्यावर किती दिवस जपायचं?’ उत्तर तिथेच, त्याच कागदावर लिहून घ्या. सहल आहे म्हणून आपल्या मनाने एकही डोस चुकवायचा नाही.

आता दुकान. गोखले रोडवर जा नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, पहिलं वाक्य एकच बोला: ‘स्प्रे नको, क्रीम किंवा लोशन दाखवा.’ स्प्रेबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण तो मुलांना आवडतो, मोठ्यांना सोयीचा वाटतो आणि या मुलांना तोच सगळ्यात वाईट. फवारा मारला की त्याचे बारीक थेंब त्वचेवर बसतात तसे हवेतही तरंगतात, आणि मूल ते श्वासाबरोबर आत घेतं. दाबाच्या डब्यात ब्युटेन-प्रोपेनसारखे वायू आणि बऱ्याचदा भरपूर अल्कोहोल असतं. आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना एवढी चिथावणी पुरते. २०२१ मध्ये अमेरिकेत काही स्प्रे सनस्क्रीन बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन सापडल्यामुळे बाजारातून परत मागवावे लागले होते.

‘पण हा मिनरल स्प्रे आहे, एकदम सेफ,’ असं दुकानदार सांगेल. मिनरल सनस्क्रीन म्हणजे ज्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्वचेवर लावायला ही दोन्ही उत्तम, पण त्यांचे कण फुप्फुसात जायला नकोत. युरोपीय संघाने २०१६ मध्ये या दोन्हींच्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपाला परवानगी दिली ती याच अटीवर, की वापरणाऱ्याच्या श्वासातून फुप्फुसात जाईल अशा कुठल्याही प्रकारात ते नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. ते वर्गीकरण उंदरांवरच्या प्रयोगांवर आणि धुळीसारख्या कणांवर उभं आहे. क्रीममध्ये कालवलेले कण हवेत उडत नाहीत, त्यामुळे क्रीमला घाबरायचं काही कारण नाही. स्प्रे आणि पावडर मात्र घरात नकोच.

पावडर म्हटलं की ब्रशने लावायचं ते नवं पावडर-सनस्क्रीन आलंच, पण माझा रोख आपल्या जुन्या टाल्कम पावडरीकडे जास्त आहे. झिंकचं क्रीम चेहऱ्यावर पांढरट आणि चिकट दिसतं. मग आजी प्रेमाने म्हणते, ‘थोडी पावडर लाव गं, किती चिकट झालंय पोरीचं तोंड!’ पावडरचा पफ नाकासमोर उडतो आणि दम्याचं मूल खोकायला लागतं. आजीला आदल्या दिवशीच समजावून सांगा. पांढरा थर दिसला तरी चालेल, उलट कुठे लावायचं राहिलं ते त्याने कळतं.

वासाचंही तसंच. बाटली उघडून तुम्ही स्वतः हुंगा, मुलाच्या नाकाला लावू नका. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम असेल तर ठेवून द्या. लिमोनिन, लिनालूल, लव्हेंडर तेल, संत्र्याचं तेल हीसुद्धा वासाचीच माणसं, ‘नॅचरल’ लिहिलेल्या बाटलीतही ती हमखास सापडतात. ‘अनसेंटेड’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात कधीकधी मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हे शब्द शोधा आणि तरीही यादी वाचा. ज्या मुलांना दम्याबरोबर एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणं) आहे त्यांच्यासाठी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणासाठी घातलेलं रसायनही टाळा, त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना येते.

आता आतला मुख्य घटक. मी झिंक ऑक्साइड निवडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच घटक सुरक्षित व परिणामकारक म्हणून धरले, बाकीच्या बऱ्याच रासायनिक घटकांसाठी आणखी माहिती मागितली. ऑक्सिबेन्झोनसारखे घटक रक्तात उतरतात हे चाचण्यांत दिसलं आहे. उतरतात म्हणजे अपाय करतातच असं नाही, पण आधीच इतकी औषधं घेणाऱ्या मुलाच्या अंगावर अनावश्यक भर कशाला? शिवाय झिंक उन्हातल्या, त्वचेत खोल जाणाऱ्या युव्हीए किरणांना टायटॅनियमपेक्षा जास्त चांगलं अडवतं, आणि औषधांमुळे ऊन बाधतं ते बहुतेक याच किरणांनी. म्हणून डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (युव्हीए आणि युव्हीबी दोन्ही अडवणारं) आणि युव्हीएपासूनचं संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं हवीत. एसपीएफ ३० किंवा ५० पुरे. ३० ने साधारण ९७ टक्के आणि ५० ने ९८ टक्के युव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण अडतात, त्यावरच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचंच नाही, त्याला सावली आणि कपडे.

घरी ऑक्सिजनवर असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी आणि फार महत्त्वाची. ऑक्सिजन चालू असताना नाकाभोवती व्हॅसलीनसारखं पेट्रोलियमवर आधारलेलं किंवा तेलकट काहीही लावायचं नाही, कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते सहज पेट घेऊ शकतं. दाबाचा स्प्रे तर त्या खोलीतही नको. पाण्यावर आधारलेलं लोशन घ्या, आणि नाक-ओठांच्या भागाला काय चालेल ते डॉक्टरांना किंवा कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजनचं यंत्र) देणाऱ्याला विचारा. नळीच्या चिकटपट्टीखाली लोशन गेलं तर पट्टी सुटते, म्हणून पट्टीची जागा सोडून लावा आणि तो भाग टोपीच्या सावलीत राहू द्या.

आणलेलं क्रीम लगेच तोंडाला फासू नका. हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ नाही, खोकलाही वाढला नाही, तर ते ठेवा. आठ-दहा दिवस आधी सुरुवात करायची ती यासाठी, म्हणजे नाही मानवलं तर दुसरं आणायला वेळ राहतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, सैल सुती सदरा आणि चारी बाजूंनी कड असलेली टोपी. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडी पडतात. जेवढं अंग कपड्याने झाकाल तेवढं लोशन कमी लागेल, आणि लोशन जितकं कमी तितका त्रास कमी.

आदल्या रात्री पिशवी भरताना पंपावरचे उरलेले पफ मोजून घ्या. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वेगळ्या, स्वच्छ पिशवीत ठेवा. सनस्क्रीन सांडून स्पेसरच्या झडपेत गेलं तर नेमक्या वेळी पंचाईत होते. पंप शक्यतो ३० अंशांच्या खाली ठेवायचा असतो, म्हणून तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात पडलेल्या दप्तरात नको. जेवणाच्या डब्याच्या अस्तर असलेल्या पिशवीत ठेवा, बर्फ न घालता. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांच्या घामातून मीठ जास्त जातं, त्यांच्यासाठी ओआरएस किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मिठाचं पेय भरा. झोपण्यापूर्वी हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ‘समीर’ ॲपवर आपल्या जवळच्या केंद्राची हवा बघा. घोडबंदरच्या बांधकामांची धूळ असो की तळोजाकडून येणारा वास, हवा वाईट असेल तर ऊन कितीही कोवळं असलं तरी जाणं रद्द करा.

सकाळचा क्रम चुकवू नका. आधी कंट्रोलर (रोजचा) पंप, मग चूळ, मास्कने घेत असेल तर चेहरा पुसणं, आणि त्यानंतर सनस्क्रीन. उलटं केलंत तर लावलेलं सगळं पुसून जातं. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. मापासाठी मुलाचीच बोटं धरा, तुमची नव्हे: त्याच्या दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि मान यांना. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पायांचा वरचा भाग हे नेहमी राहतात. सहलीत पंप मास्कने घ्यावा लागला तर गालावरचं लोशन निघून जातं, तिथे परत लावायला बाईंना सांगून ठेवा.

बाईंना द्यायच्या चिठ्ठीत आणखी दोन वाक्यं हवीत. बसमध्ये किंवा कपडे बदलायच्या खोलीत कुणीही स्प्रे मारू नये, ना सनस्क्रीनचा, ना डिओचा. मारायचाच तर बाहेर, वाऱ्याच्या दिशेने, आणि आमच्या मुलीला आधी लांब नेऊन. दुसऱ्या मुलांच्या बाटल्यांतलं तिला लावू नये. डास पळवायचं मलम लागलंच तर वेगळं द्या, सनस्क्रीनमध्ये मिसळलेलं घेऊ नका, कारण सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावायचं असतं आणि डासांचं मलम तसं लावायचं नसतं.

बसमधली जागाही आधी ठरवा. काचेतून युव्हीबी फारसे येत नाहीत, युव्हीए मात्र येतात, आणि व्होरिकोनाझोल घेणाऱ्या मुलाला ते पुरेसे आहेत. ठाण्याहून बेलापूरकडे सकाळी जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचं ऊनही डावीकडेच असतं. उजवीकडची खिडकी मागा.

तिथे पोचल्यावर घड्याळापेक्षा सावली बघा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लहान झाली की त्याला झाडाखाली किंवा छपराखाली बसवा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, साडेबारा-पाऊणच्या सुमारास, आणि मेच्या मध्यावर तो अगदी डोक्यावर असतो. खाडीतल्या बोटीवर सावली सरकत राहते, तेव्हा शक्यतो सकाळची लवकरची फेरी घ्या. दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, लोशन पुन्हा लावायचं. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावत असाल तर बोट पुसून, सावलीत, वरून हात झाकून बघा, भर उन्हात आकडा चुकीचा येतो.

घरी आल्यावर कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने आंघोळ, मग मॉइश्चरायझर. चेहरा, कान आणि हातांच्या मागची बाजू उजेडात नीट बघा. ऊन बाधण्याचं औषध चालू असताना लाली किंवा फोड दिसले तर फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा, स्वतःहून स्टिरॉइडचं मलम लावू नका. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी रिलीव्हर (दम लागल्यावर घ्यायचा) पंप नेहमीपेक्षा जास्त लागला तर तेही कळवा, आणि सोबत त्या दिवशी लावलेल्या बाटलीच्या घटकांच्या यादीचा फोटो द्या.