डुगडुगणाऱ्या पोकर टेबलाला नवे पाय

पोकरचं टेबल जेवणाच्या टेबलासारखं वापरलं जात नाही. सात-आठ माणसं तासन् तास कोपरं टेकून, पुढे वाकून बसतात आणि डाव रंगला की सगळा भार एकाच बाजूला येतो. त्यामुळे पाय हलायला लागले की चिपांच्या उतरंडी कोसळतात. तेव्हा पाय बदलायचेच, पण आधी दोष कुठे आहे ते पाहा. बऱ्याचदा पाय धडधाकट असतो आणि तो जिथे फळीला जोडलेला असतो ती जागा गेलेली असते. अशा जागेवर नवा पाय बसवला, तर तोही महिनाभरात डुलू लागतो.

पहिली परीक्षा टेबल उभं असतानाच करा. टेबल जागच्या जागी फिरवून ठेवा. फिरवल्यावर टेबल ठीक बसलं किंवा वेगळ्याच कोपऱ्यात हेलकावलं, तर जमीन उंचसखल आहे. त्याला पाय बदलायची गरज नाही, तळाशी आट्यांचे फिरते पाय लावले की झालं. दर वेळी तोच पाय अधांतरी राहिला तर तो आखूड आहे. आणि चारही पाय जमिनीला टेकलेले असूनही टेबल आडवं झुलत असेल, तर सांधा ढिला आहे किंवा आधारपट्टीच नाही. खरं काम या तिसऱ्या दोषाचं आहे.

टेबल उलटं करताना कपहोल्डर आधी काढून घ्या, खाली जाड चादर घाला आणि दोघांनी मिळून उलटा. १८ मिमी प्लाय चौरस मीटरला साधारण १० ते १२ किलो भरतो, आणि या टेबलात प्लायचे बहुधा दोन थर असतात. मोडक्या पायावर टेबल कलतं करून उलटवू नका. उरलासुरला सांधाही उखडतो. उलटं झालं की एकेक पाय धरून हलवा, पण नजर मुळाशी ठेवा. पायाच्या मुळाशी स्क्रूंनी बसवलेली धातूची पाटी फळीवरून उचलली जात असेल तर स्क्रूंची भोकं मोठी झाली आहेत. पाटी स्थिर असून पाय हलत असेल तर बोल्टचे आटे झिजलेत. घडीच्या पायात खडखड तिरक्या पट्टीच्या रिव्हेटमधून येत असेल, तर तो अख्खा संच बदला. झिजलेलं रिव्हेट ठोकून घट्ट केलं तरी टिकत नाही.

भोकं मोठी का होतात, याचं उत्तर तरफेत आहे. पाय ७३ सेंमी लांब आणि पाटीच्या कडेपासून स्क्रू ६ सेंमीवर, म्हणजे तळाशी ५ किलोचा रेटा आला की स्क्रूंवर ६० किलोंची ओढ बसते. टेबल ओढत सरकवलं की हेच होतं. प्लायमधल्या भोकात लाकडी काड्या गोंदात बुडवून ठोकल्या, तर स्क्रू पुन्हा धरतो. पार्टिकल बोर्डात हा इलाज फुकट जातो, कारण भोकाभोवतीचा भुसाच सुटलेला असतो. तिथे जागा तरी बदला, नाहीतर आधाराची फळी चिकटवा.

आम्ही आधाराची फळी दोन्ही बाबतीत लावायला सांगू. १८ मिमी प्लायचा १५ सेंमी रुंद आणि पायांच्या संचापेक्षा १० सेंमी लांब तुकडा घ्या. त्यावर पायाच्या पाटीची भोकं आखा आणि टी-नट बसवा, म्हणजे चकती आणि आतून आटे असलेली नळी असा लाकडात ठोकायचा नट. टी-नट वरच्या, म्हणजे टेबलाला चिकटणाऱ्या बाजूने ठोकायचा असतो, म्हणजे बोल्ट आवळला की तो लाकडात आणखी रुततो. खालून ठोकलात तर आवळताना उपटून येईल. नटाची चकती वर राहिली तर फळी सपाट बसत नाही, म्हणून तिच्यापुरता दोन मिमी खड्डा आधी कोरून घ्या. भोक नळीचा व्यास मोजूनच पाडा.

टेबलाच्या तळाचा रंग किंवा लॅमिनेट पॉलिशपेपरने खरवडा. गोंद कच्च्या लाकडालाच धरतो. मग लाकडाचा गोंद लावून फळी ३० मिमीच्या स्क्रूंनी आवळा, कडेने १० सेंमीवर एक या हिशेबाने. टेबलाचा एकच थर धरला तरी १८ मिमीवर १८ मिमी म्हणजे ३६, त्यात ३० मिमीचा स्क्रू वर डोकावत नाही. ३५ मिमीचा घेतला आणि डोकं थोडं आत रुतलं, तर टोक वर कापडाखालच्या फोममध्ये घुसतं, आणि ते कळतं पत्ता सरकवताना. ड्रिलच्या बिटला २६ मिमीवर टेप गुंडाळा. गोंद चोवीस तास वाळू द्या. इथे घाई नको.

आता पायांची जागा. ८४ बाय ४२ इंचांच्या लंबगोल टेबलाला २९ इंची घडीचे पाय लावायचे, तर पायाची बिजागरी टोकापासून १२ इंचांवर घ्या. सरळ कड संपून गोलाई सुरू होते तिथे, म्हणजे २१ इंचांवर, लावायचा मोह होतो; गुडघ्यांना जागाही मिळते. पण मग टेबलाच्या वजनाइतका भार टोकावर आला की टेबल उलटू लागतं. १२ इंचांवर ते उलटवायला वजनाच्या अडीचपट भार लागतो. दुसरं कारण घडीचं: दोन्ही बिजागऱ्यांत ६० इंच राहतात आणि २९ अधिक २९ म्हणजे ५८ इंच पाय आत नीट मिटतात. १४ इंचांवर लावले की मध्ये ५६ इंचच उरतात आणि पाय एकमेकांवर आदळतात. पाय मिटून कपहोल्डरांच्या खोलीशीही एकदा ताडून पाहा.

पाय बसवताना एम-६ चे, म्हणजे ६ मिमी जाडीचे, २० मिमी लांब बोल्ट, साधा वॉशर आणि त्यावर स्प्रिंग वॉशर वापरा. २५ मिमीचा बोल्ट फळी पार करून टेबलाच्या तळाला टेकतो आणि फळीलाच ढकलून सोडवतो. आधी सगळे बोल्ट हाताने अर्धवट लावा, गुण्या धरून पाय काटकोनात आणा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

आट्यांचे लाकडी पाय घेत असाल तर बोल्टचं माप सांभाळा. एम-८ आणि ५/१६ इंची दिसायला सारखेच असतात, पण आट्यांचं अंतर १.२५ आणि १.४१ मिमी असं वेगळं असतं. एक दुसऱ्यात दोन फेरे जातो, मग अडकतो. पान्याने जोर लावलात तर दोन्हीचे आटे गेले. असे चार सुटे पाय नुसत्या पाटीवर कधीच पुरत नाहीत. पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि कोपऱ्यांत ४५ अंशांचे ठोकळे लावा. झुलणं त्रिकोणानेच थांबतं.

आधाराच्या फळीमुळे उंची १८ मिमी वाढते. खुर्चीच्या बैठकीपासून टेबलाचा माथा साधारण ३० सेंमी वर हवा. जास्त होत असेल तर लाकडी पाय तेवढे कापा. घडीच्या पायांचं माप मात्र विकत घेतानाच बघावं लागतं.

टेबल उभं केल्यावर घडीच्या पायांची कडी पूर्ण खाली पडली आहे ना, ते हाताने चाचपा. अर्धवट अडकलेली कडी भार आल्यावर सुटते. मग टोकाशी दोन्ही हात टेकून दाबा, आडवं हलवून बघा. दोन-तीन बैठकांनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण नवं लाकूड वॉशरखाली थोडं दबतं. आणि टेबल हलवायचं झालं तर दोघांनी उचलूनच.