विहिरीवरून नव्वद सेकंद

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला भूगोल शिकवते. वर्गात बोलणारे चार-पाचच, बाकीचे मान खाली घालून लिहून घेणारे. त्यांना बोलतं करायला व्हिडिओ-चर्चा कामी येते, म्हणजे प्रत्येकाने छोटा व्हिडिओ टाकायचा आणि एकमेकांच्या व्हिडिओखाली बोलायचं. पण सगळी मदार प्रश्नावर.

‘भूजल म्हणजे काय?’ असं विचाराल तर प्रत्येक व्हिडिओत तेच गाइड ऐकू येईल. मी सांगते, गावातली एक विहीर दाखवा. पाणी किती खोल, कोणत्या महिन्यात तळ दिसतो, कडेला मुरूम आहे की काळा पाषाण? आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून बांधाला बांध असलेल्या दोन विहिरीही वेगळ्या वागतात.

ॲपची फार चिकित्सा करू नका. शिक्षकांचं लाडकं फ्लिपग्रिड २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, पुढे त्याचं फ्लिप झालं आणि २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप बंदच झालं. तेव्हा चांगले व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा. मी सध्या पॅडलेट वापरते, म्हणजे सगळ्यांना पोस्ट लावता येतील असा ऑनलाइन फळा. लिंक पाठवली की मुलांना खातं न उघडता व्हिडिओ टाकता येतो. तुमच्या मंजुरीनंतरच पोस्ट दिसेल अशी सेटिंग ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र व्हिडिओ मागवू नका. सगळ्यांचे फोन भरतात आणि कोण कोणाला उत्तर देतंय ते कळत नाही.

वेळ नव्वद सेकंद. त्याहून लांब कोणी बघत नाही, मीसुद्धा. चेहऱ्याची सक्ती नको. काही मुलींच्या घरी चालत नाही, आणि बघायची आहे ती विहीर! कागदावरचं वाचायचं नाही, एवढी अट ठेवा. पहिला व्हिडिओ तुमचा असू द्या, अडखळलात तरी तसाच. फार घोटून केलेला पाहिला की मुलं दबतात.

खरी मजा दुसऱ्या फेरीत. आपल्यापेक्षा वेगळी विहीर असलेला सोबती निवडायचा आणि खाली त्याचं नाव घेऊन प्रश्न लिहायचा. ‘छान माहिती’ला गुण नाहीत. ‘तुमची मार्चमध्ये आटते, आमची मेपर्यंत पुरते, तुमच्या वरच्या अंगाला पाझर तलाव नाही का?’ याला आहेत. अंतर्गत गुणांतले पाच यासाठी ठेवले तरी पुरेत, त्यातले तीन या प्रश्नाला.

मग तासाला दोनच व्हिडिओ लावा, एकमेकांशी न जुळणारे. ज्यांचे आहेत त्यांना आधी विचारा, स्पीकर तपासून घ्या, आणि दोन्ही विहिरींचे छेद त्यांनाच फळ्यावर काढू द्या.