कम्प्युटरमध्ये टेलिफोन कार्ड बसवताना: लाइन सर्वांत आधी काढा, सर्वांत शेवटी लावा

छोटं ऑफिस, दवाखाना किंवा सोसायटीचं कार्यालय असेल, तर एखाद्या जुन्या कम्प्युटरवर ॲस्टरिस्क टाकून स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज उभं करता येतं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्याला लँडलाइन जोडायची तर कम्प्युटरमध्ये टेलिफोन कार्ड बसवावं लागतं.

ज्याने नेटवर्क कार्ड बसवलंय त्याला हेही जमेल. पण एक फरक मनात पक्का ठेवा. या कार्डात फोनच्या तारेतूनही वीज येते. कम्प्युटरचा प्लग काढला तरी त्या तारेत एक्स्चेंजच्या बॅटरीचे सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतातच, आणि नेमका तेव्हाच कुणाचा फोन आला तर रिंगसाठी साधारण ७५ व्होल्ट एसी येतो. बोटांना झणका बसायला एवढे पुरेसे आहेत. लँडलाइन फायबरवर असली तरी मोडेमच्या फोन पोर्टमधून रिंगचा व्होल्टेज येतोच. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी सगळ्या फोनच्या तारा काढा. विजांचा कडकडाट चालू असेल, तर त्या दिवशी या कामाला हातच लावू नका.

खरेदीआधी मदरबोर्डवरचा स्लॉट बघून घ्या. जुनी कार्डं पीसीआयची आहेत आणि नव्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा फक्त पीसीआय एक्सप्रेस असतो. ही दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड मात्र लांब स्लॉटमध्ये चालतं. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाची उंचीही मोजा.

कम्प्युटर नीट शटडाऊन करा आणि कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल उपसून काढा. भिंतीवरचं बटण बंद केलं की झालं, असं बरेच जण समजतात. पण कम्प्युटर यूपीएसवर असेल तर बटण बंद केल्यावरही यूपीएस वीज देतच राहतो. केबल काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मदरबोर्डवरचा बारीक दिवा विझला की मगच आत हात घाला.

अंगावरची स्थिर वीज पावसाळ्यात फारशी त्रास देत नाही. पण हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, किंवा रात्रभर एसी चालू असलेल्या खोलीत, ती चिप जाळू शकते आणि आपल्याला ते कळतही नाही. मनगटाचा अँटीस्टॅटिक पट्टा असेल तर त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. नसेल तर त्या पत्र्याला हात लावून काम सुरू करा आणि अधूनमधून पुन्हा लावा. कार्ड कडेने धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

रिकाम्या स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड सरळ धरा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खाली बसवा. पीसीआयच्या कार्डाला असलेली खाच स्लॉटमधल्या अडसराशी जुळत नसेल तर जोर लावू नका, ते कार्ड त्या स्लॉटसाठी नाहीच. नीट बसल्यावर सोनेरी पट्ट्या जेमतेम दिसतात. मग स्क्रू घट्ट करा. फोनची तार ओढली गेली की ताण या स्क्रूवर येतो, म्हणून तो टाळू नका.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा. कार्डावर दोन प्रकारचे पोर्ट असू शकतात. एक्स्चेंजकडून येणारी लाइन एफएक्सओ पोर्टला जाते आणि टेबलावरचा फोन एफएक्सएस पोर्टला. एफएक्सएस स्वतः रिंगचा व्होल्टेज तयार करतो, त्यामुळे बाहेरची लाइन त्यात घातली तर त्या पोर्टचं मॉड्यूल, म्हणजे कार्डावर बसवलेला त्याचा छोटा सर्किट बोर्ड, जळू शकतं. डिजियम कंपनीच्या टीडीएम४००पी कार्डावर एफएक्सओ मॉड्यूल लाल आणि एफएक्सएस हिरवं असतं. त्यात हिरवं मॉड्यूल असेल तर पॉवर सप्लायची चार पिनांची केबलही कार्डाला लावावी लागते, ती लावायची राहिली तर फोन मुका राहतो. कॅबिनेटच्या मागून दोन्ही पोर्ट सारखेच दिसतात, म्हणून झाकण लावण्याआधीच प्रत्येकावर ‘लाइन’ किंवा ‘फोन’ अशी चिठ्ठी चिकटवा.

झाकण लावा, तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच घाला आणि कम्प्युटर चालू करा. लिनक्सवर एलएसपीसीआय (lspci) ही कमांड दिली की यादीत कार्ड दिसायला हवं. नाही दिसलं तर बंद करून, केबल काढून, कार्ड पुन्हा बसवा.

कार्ड दिसलं की मग लाइन जोडा. जोडण्याआधी तिला साधा फोन लावून डायल टोन ऐका, म्हणजे पुढे काही अडलं तर दोष लाइनचा की कार्डाचा ते शोधत बसावं लागणार नाही. शेवटी मोबाइलवरून लँडलाइनला फोन करा. रिंग वाजते पण नंबर उमटत नाही, असं झालं तर कार्ड बदलायची घाई करू नका. भारतात अनेक लाइनींवर कॉलरचा नंबर डीटीएमएफच्या सुरांत, म्हणजे फोनची बटणं दाबल्यावर ऐकू येतात तशा सुरांत येतो, आणि ॲस्टरिस्कच्या डाहडी (DAHDI, म्हणजे कार्ड चालवणारा ड्रायव्हर) सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडून पुन्हा फोन लावून बघा.