किरणसारखं, पण किरण नव्हे: बडोद्याच्या मराठी घरात मुलगा-मुलगी दोघांना शोभेल असं नाव कसं निवडावं

बडोद्यात माणसाचं नाव एकटं फिरत नाही. शाळेतल्या बाई असोत, बँकेतला कारकून असो की भाजीवाला, नाव कळलं की त्याला ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडूनच हाक येते. नावावरून मुलगा की मुलगी ते उमगलं नाही, तर समोरच्याला आधी विचारावं लागतं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या याद्या इथे अर्ध्याच कामाच्या. इथल्या बाळाचं नाव घरात मराठी कानावर, दारात गुजराती कानावर आणि प्रवासात हिंदी कानावर पडणार आहे.

घरातली मोठी माणसं ‘हे काय नवीन फॅड’ म्हणाली तर त्यांना जुनी नावं आठवून द्या. आपल्याकडे मूळ शब्द दोघांचा आणि मागचं शेपूट तेवढं वेगळं, अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या होती: काशीराव आणि काशीबाई, चिमणाजी आणि चिमणाबाई, गुलाबराव आणि गुलाबबाई. होळकरांच्या गादीवर काशीराव होऊन गेले; तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव चिमणाबाई होतं. आपले राव आणि बाई गळून पडले, गुजरातीत मात्र भाई-बेन टिकले. मणिभाई आणि मणिबेन एकाच गल्लीत सुखाने राहतात.

यादीला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. ‘दोघांचं’ नाव दोन तऱ्हांचं असतं.

पहिली तऱ्हा किरणची. मराठीत किरण दादाही असतो, ताईही असते; गुजरातीत किरणभाईही आहेत, किरणबेनही. कुठल्याच भाषेला खात्री नाही, म्हणून लोक विचारतात. दुसरी तऱ्हा बकुळची. मराठी कानाला बकुळ म्हणजे मुलगी, गुजराती कानाला बकुल म्हणजे बकुलभाई. रंजनचं उलटं: आपल्याकडे रंजन मुलगा आणि रंजना मुलगी, इथे रंजनबेन घरोघरी. कागदावर ही नावंही दोघांची दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक भाषेची आपापली खात्री आहे आणि ती एकमेकींच्या विरुद्ध आहे. अशा नावाच्या मुलीला कुणी विचारत नाही, सरळ ‘भाई’ लिहून मोकळे होतात, आणि दुरुस्त्या करण्यात तिची वर्षं जातात. आमचं मत स्पष्ट आहे: समोरच्याला प्रश्न पडेल असं नाव घ्या, चुकीची खात्री वाटेल असं घेऊ नका.

यादी बाळ यायच्या आधीच करा. गर्भलिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी चालणारं नाव हाताशी असणं सोयीचंच. आठ नावं पुरेत. पंचवीस नावांच्या यादीतून घरात फक्त वाद निघतात.

शेवटचं अक्षर काय सांगतं ते बघून निवडा. ‘आ’ने किंवा ‘ई’ने संपणारं संस्कृत नाव तिन्ही भाषांत मुलीचं वाटतं. इला हे त्याचं उत्तम उदाहरण. पुराणातली इला एक महिना स्त्री तर एक महिना पुरुष, तिचंच दुसरं नाव सुद्युम्न. कथा अगदी नेमकी आहे, पण गुजरातमध्ये हे नाव उच्चारलं की समोर इलाबेनच येतात. ‘ल’ने संपणारी नावं मराठीत मोकळी आहेत: हर्षल मुलगाही, मुलगीही. गुजराती कान मात्र हेतल, किंजल अशा मुलींच्या नावांना सरावलेला आहे, म्हणून तिथे पारडं मुलीकडे झुकतं. ‘न’, ‘ण’, ‘स’, ‘ग’ने संपणारी, रोजच्या वापरातल्या शब्दांतून आलेली आणि नाव म्हणून अजून फारशी न रुळलेली नावं सगळ्यांत मोकळी.

उजास हे त्यातलं एक. शब्द मराठीत आहे, गुजरातीत आहे, हिंदीतही आहे, अर्थ सगळीकडे उजेड. ‘उजास पडला’ असं आपण पुल्लिंगी बोलतो, म्हणून ‘उजास आली’ पहिले आठ दिवस कानाला खटकेल. मग खटकत नाही. किरणही ‘पडला’च म्हणतो आपण आणि तरी किरणताई आहेत. तरंग असंच. महीचं नाव बडोदेकरांनी जरूर विचारात घ्यावं. संस्कृतात मही म्हणजे पृथ्वी, आणि शहराच्या उत्तरेकडून वाहणारी नदी मही. जुन्या गुजरातीत मही म्हणजे दही, त्यावरूनच महियारी, म्हणजे दही विकणारी गवळण. शेवटी ‘ई’ असूनही हे नाव दोघांना चालतं, कारण जवळचं माही हे नाव मुलींचंही असतं आणि धोनीचंही. धोका एकच: लोक मही ऐकून माही लिहितील.

आता प्रत्येक नावाच्या परीक्षा घ्या.

आधी हाकेची. नाव मोठ्याने, चार वेळा: नुसतं, मग दादा-ताई जोडून, मग भाई-बेन जोडून, शेवटी जिन्याखालून ओरडून. उजासभाई, उजासबेन, दोन्ही सरळ निघतात. अभ्र घ्या: अर्थ सुंदर, पण ‘अभ्रभाई’ म्हणताना जीभ अडते आणि आठवड्यात त्याचं ‘अबर’ होतं. इथे बहुतेक शेजारणी छठ्ठीची, म्हणजे नाव ठेवायच्या दिवसाची, झोळी झुलवताना ‘फोईए पाड्युं...’ (आत्याने ठेवलं...) म्हणून नाव घेतात. त्या लयीत दोन-तीन अक्षरी नाव चपखल बसतं, पाच अक्षरी बाहेर सांडतं.

मग अर्थाची, आणि ती गुजराती घरातल्या माणसाकडूनच करून घ्या. बहार हे नाव मराठी मनाला मोहरलेलं वाटतं. गुजरातीत बहार म्हणजे बाहेर. वर्गात शिक्षक ‘बहार!’ म्हणाले की हजेरी देऊन उभं राहायचं की दाराबाहेर जायचं, हा गोंधळ त्या लेकराच्या वाट्याला रोज येईल. इडा हे जुनं वैदिक नाव. गुजरातीत ईंडां म्हणजे अंडी. पर्ण देवनागरीत देखणं दिसतं, पण आठवी-नववीतल्या मुलांना त्याच्या उच्चारात इंग्रजीतला एक नको तो शब्द सापडायला वेळ लागणार नाही. पाळण्यातल्या बाळाला शोभणाऱ्या नावाने चौदाव्या वर्षी त्याला त्रास दिला तर ते नाव चुकलंच.

तिसरी परीक्षा फोनवरची, आणि हीच खरी. सहा जणांना फोन करा: दोन मराठी, दोन गुजराती, दोन हिंदी बोलणारे. नाव एकदाच सांगा, त्यांना इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा आणि ‘मुलगा वाटतो की मुलगी’ एवढंच विचारा. सहाच्या सहा जणांचं उत्तर एकच आलं तर ते नाव दोघांचं नाही. मराठी एकीकडे आणि गुजराती दुसरीकडे असे सरळ दोन तट पडले तर तो बकुळचा प्रकार, सोडून द्या. उत्तरं सगळ्या भाषांत मिसळलेली आली, किंवा लोक ‘सांगता येत नाही’ म्हणाले, तर नाव पास. आणि सहांपैकी दोघांहून जास्त जणांनी स्पेलिंग वेगवेगळं पाठवलं, तर तेवढाच घोळ पुढे प्रत्येक अर्जावर होणार असं समजा.

स्पेलिंगची खाच

जोडाक्षराने संपणारं नाव इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ए’ लावावा लागतो, आणि तिथे नाव बदलतं. आर्य आणि आर्या यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच. चैत्रचं चैत्रा होतं. तुम्हाला नाव मोकळंच ठेवायचं असेल तर कागदावर ही सोय आहे. पण गुजराती आणि देवनागरी लिपीत कानामात्रा लगेच निवाडा करते, आणि बोलताना लोक चैत्रला ‘चैत्रा’ म्हणू लागले की तो निवाडा मुलीच्या बाजूने होतो.

‘ज्ञ’ असलेलं नाव टाळलेलं बरं. आपण ‘द्न्य’ म्हणतो आणि डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय, गुजराती जी-एन. शेवटची वेलांटीही ठरवून टाका: मराठी नियमाने रवी दीर्घ, गुजरातीत ह्रस्व. एका कोऱ्या कागदावर देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत नाव लिहा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि प्रत्येक अर्ज त्यावरूनच भरा.

राशी, बारसं आणि आत्या

गुजराती घरांत राशीच्या अक्षरावर नाव ठेवायचा आग्रह मोठा असतो. सासर-माहेर यांतलं एक गुजराती असेल तर हा मुद्दा निघणारच. भांडू नका. आपल्या नामकरणात नावं चार असतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव अक्षर सांभाळतं, व्यवहाराचं नाव तुमचं. गुरुजींनी मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त हवं असं गृह्यसूत्र दाखवलं तर तेही नक्षत्रनावात पाळता येतं. नाव कानात सांगणाऱ्या आत्याला मात्र बारशाच्या आधी दोन दिवस तरी नीट उच्चारासकट सांगून ठेवा. ऐन वेळी ऐकलेलं अनोळखी नाव कानात एक आणि पेढ्याच्या डब्यावर दुसरं, असं सर्रास होतं.

नोंदणी: इथे घाई नडते

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवा. नाव नंतर भरायला 12 महिने विलंबशुल्क पडत नाही, आणि त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत भरता येतं. ‘सध्या काहीतरी लिहा, मग बदलू’ हे मात्र करू नका. रिकामा रकाना भरणं सोपं, भरलेलं नाव बदलणं कटकटीचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात, म्हणून त्यावरचं प्रत्येक अक्षर पुढे सगळीकडे जाणार.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं हेही ध्यानात ठेवा. नोंद जन्म झाला त्या गावी होते. बाळ इंदूरला जन्मलं तर दाखला हिंदी-इंग्रजीत, पुण्याला जन्मलं तर मराठी-इंग्रजीत, आणि नाव भरायलाही तिथल्याच कार्यालयाशी गाठ. सून परत यायच्या आधी ते काम उरकून घ्या.

बडोद्यात नोंद होत असेल तर मसुदा हातात घेऊन तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. बाळाच्या नावाला कुणी सवयीने ‘भाई’, ‘बेन’ किंवा ‘कुमार’ चिकटवलंय का? आई-वडिलांच्या नावाला चिकटवलंय का, जे त्यांच्या आधारवर नाही? आणि लिंगाच्या रकान्यात जे लिहिलंय ते बरोबर आहे का? साध्या नावाच्या बाबतीत चुकीची खूण कुणीतरी पकडतं, ‘सविता’समोर ‘पुरुष’ लगेच खटकतं. उजाससमोर काहीही लिहिलं तरी कुणाला खटकत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते. आधारमध्ये नाव जन्मभरात दोनदाच आणि लिंग एकदाच बदलता येतं. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायला जाल तेव्हा पावती छापून घेण्याआधी पडद्यावर ती खूण पुन्हा एकदा बघा.