फंक्शनने परत दिलेले मूल्य तपासणारे नियम प्रकल्पात कसे लावावेत

कोड प्रत्यक्ष न चालवता त्यातील चुका शोधणाऱ्या साधनाला स्टॅटिक ॲनालिसिस टूल म्हणतात. वाहनांसाठी सी भाषेत लिहिलेला कोड अशा टूलमधून तपासून दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे हिंजवडीपासून चाकणपर्यंत या व्यवसायात असलेल्या सर्वांना ठाऊक आहे. टूलमधील नियमांचा एक लहानसा गट फक्त दोन गोष्टी पाहतो : फंक्शन मूल्य कसे परत देते आणि त्याला कॉल करणारा कोड त्या मूल्याचे काय करतो. हा गट कसा लावावा, याविषयी नवख्या अभियंत्यांना सर्रास सांगितले जाते की सगळे नियम चालू करा आणि वॉर्निंगचा आकडा शून्यावर आणा. हा सल्ला घातक आहे. आकडा शून्यावर आणणे एका दिवसाचे काम असते आणि त्या एका दिवसात कोडमधील खरे दोष झाकले जातात, ते पुढे कोणालाही सहजी सापडत नाहीत.

सुरुवात कंपायलरपासून करावी. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा ‘वॉल’ हा पर्याय प्रकल्पात लावलेला असतोच. त्यातील ‘रिटर्न-टाइप’ ही वॉर्निंग एररमध्ये बदलावी, म्हणजे मूल्य देण्याचे कबूल करून एखाद्या वाटेने रिकाम्या हाताने बाहेर पडणारे फंक्शन कंपाइलच होणार नाही. मिस्रा सी २०१२ या सी भाषेच्या सुरक्षित वापरासाठीच्या नियमावलीतील नियम १७.४ हेच मागतो आणि तो मँडेटरी म्हणजे सक्तीचा असल्यामुळे त्याला अपवाद नोंदवण्याची सोय नाही.

त्यानंतर नियम १५.५ कडे वळावे. फंक्शनमधून बाहेर पडण्याची जागा एकच आणि ती शेवटी असावी, असे तो सांगतो. मिस्रा सी २०१२ मध्ये तो केवळ ॲडव्हायझरी म्हणजे सल्लावजा असला तरी आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षेच्या मानकाच्या सहाव्या भागातही तशीच शिफारस असल्याने वाहन क्षेत्रात तो सहसा लावला जातो. तो लावण्यास माझी हरकत नाही, पण त्याच्यासाठी ‘इफ’च्या पाच-सहा पातळ्या एकमेकींत घुसवणे मला मान्य नाही, फंक्शनच्या आरंभी पॅरामीटर तपासून तेथूनच परत फिरणे वाचणाऱ्याला अधिक स्पष्ट असते, आणि तेवढा अपवाद कारणासह नोंदवून ठेवावा. केवळ एकच निर्गम असल्याने कोड सुरक्षित होतो, हा समजही सोडून द्यावा. २०१४ च्या फेब्रुवारीत उघड झालेल्या ॲपलच्या सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या कोडमधील ‘गोटू फेल’ दोषातील फंक्शन शेवटच्या एकाच ठिकाणाहून बाहेर पडत होते, तरीही चुकून दोनदा लिहिल्या गेलेल्या एका ओळीमुळे डिजिटल सहीची तपासणी पूर्ण न होताच ते ‘यशस्वी’ असे उत्तर देत होते. तो दोष पकडला असता तो कधीही न पोहोचता येणारा कोड शोधणाऱ्या नियम २.१ ने.

आता खरी अवघड पायरी येते. नियम १७.७ म्हणतो की फंक्शनने परत दिलेले मूल्य वापरले गेलेच पाहिजे. आणि डायरेक्टिव्ह ४.७ म्हणते की फंक्शन चूक झाल्याची माहिती परत देत असेल तर ती तपासली गेलीच पाहिजे. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण माझा अनेक वर्षांचा अनुभव असा आहे की बहुतेक चमू पहिला नियम पाळतात आणि दुसरा पाळल्याचे समाधान करून घेतात. याचे कारण असे की मूल्य मुद्दाम टाकून देत असल्यास कॉलच्या आधी कंसात ‘व्हॉइड’ लिहिण्याची मुभा १७.७ मध्ये आहे. ही मुभा विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाची खूण म्हणून दिलेली आहे; प्रत्यक्षात ती वॉर्निंग पुसण्याचे खोडरबर होऊन बसते.

मी स्वतः हे केलेले आहे. एका कंपनीत डॅशबोर्डच्या प्रकल्पावर असताना कोड सुपूर्द करण्याच्या आदल्या आठवड्यात १७.७ च्या शेकडो वॉर्निंग माझ्या वाट्याला आल्या, आणि मी एका दुपारीत त्या सगळ्या ‘व्हॉइड’ लिहून मिटवल्या. त्यांतील एक कॉल ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीत, एकूण किलोमीटर लिहिणाऱ्या फंक्शनचा होता. आधीचे लेखन चालू असताना पुन्हा मागणी आली, तर ते फंक्शन ‘बिझी’ असे उत्तर देई आणि काहीही न लिहिता परत येई. चाकणहून खंबाटकी घाटापर्यंत जाऊन आलेल्या चाचणी-वाहनाच्या डॅशबोर्डवर दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीचाच आकडा दिसला, आणि कारण शोधण्यात आमचा जवळजवळ पंधरवडा गेला, कारण टूलच्या अहवालात त्या फाइलसमोर एकही वॉर्निंग उरलेली नव्हती. तेव्हापासून कोड रिव्ह्यूमध्ये मी प्रत्येक ‘व्हॉइड’समोर थांबतो आणि ज्याने तो लिहिला आहे त्याला कारण विचारतो.

म्हणून १७.७ चालू करण्यापूर्वी प्रकल्पातील फंक्शनची तीन गटांत विभागणी करावी. पहिल्या गटातील मूल्य केवळ सोयीपुरते असते. मेमरीतील मजकुराची नक्कल करणारे ‘मेमकॉपी’ आपण दिलेलाच पॉइंटर परत देते, आणि तो टाकून दिल्याने काहीही बिघडत नाही. दुसऱ्या गटात मूल्य म्हणजेच उत्तर असते, जसे तापमान किंवा वेग, आणि ते कोणी टाकून देत असेल तर तो कॉलच मुळात कशासाठी आहे, हे पाहावे. तिसऱ्या गटातील मूल्य काम झाले की नाही हे सांगते. ‘व्हॉइड’ची परवानगी फक्त पहिल्या गटाला असावी, आणि तीसुद्धा प्रत्येक ओळीवर विखुरलेली नसावी, तर त्या फंक्शनची नावे टूलच्या कॉन्फिगरेशनमध्ये एकदाच नोंदवून दिलेली असावी. तिसऱ्या गटातील फंक्शनच्या घोषणेवर जीसीसीचे ‘वॉर्न-अनयूज्ड-रिझल्ट’ हे ॲट्रिब्यूट लावावे, कारण जीसीसीमध्ये ते ‘व्हॉइड’ लिहूनही गप्प बसत नाही. सी भाषेच्या सी २३ या मानकातील ‘नोडिस्कार्ड’ हे तशाच कामाचे ॲट्रिब्यूट मात्र ‘व्हॉइड’ने शांत होते, त्यामुळे या कामासाठी त्यावर विसंबू नये.

एवढे करूनही एक फट राहते, आणि ती सर्वांत धोकादायक आहे : मूल्य तपासलेले असते, पण चुकीच्या समजुतीने तपासलेले असते. इंटरनेट जोडणी सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील सही पडताळणारे एक फंक्शन सही बरोबर असल्यास १, चूक असल्यास ० आणि पडताळणीतच बिघाड झाल्यास उणे १ परत देत असे. कॉल करणाऱ्या कोडने ते केवळ उद्गारचिन्हाने, म्हणजे सी भाषेतील ‘नाही’च्या चिन्हाने, तपासले होते, आणि शून्य नसलेले सगळे खरे मानले जात असल्यामुळे उणे १ म्हणजे ‘सही बरोबर’ असा अर्थ लागला. हा दोष २००९ च्या जानेवारीत जाहीर झाला. २०१४ मध्ये ग्नूटीएलएस या तशाच लायब्ररीच्या प्रमाणपत्र-तपासणीतही हो किंवा नाही एवढेच सांगणे अपेक्षित असलेले फंक्शन बिघाड झाल्यावर ऋण संख्या देत होते आणि ती ‘हो’ म्हणून धरली जात होती. अशा ठिकाणी १७.७ काहीच बोलणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने मूल्य वापरले गेलेले असते.

याला उपाय एकच आहे. यश-अपयश सांगणाऱ्या प्रत्येक फंक्शनचा परतीचा प्रकार ‘इंट’ म्हणजे साधी पूर्ण संख्या न ठेवता स्वतंत्र ‘ईनम’, म्हणजे नावे दिलेल्या मूल्यांची यादी, ठेवावा आणि तुलना नेहमी यशाच्या नावाशीच करावी; जे यश नाही ते सगळे अपयश. ही शिस्त टूलकडून पाळून घेण्यासाठी १७.७ बरोबर नियम १४.४ आणि १०.१ चालू करणे आवश्यक आहे. ‘इफ’च्या कंसात बूलियन (खरे-खोटे) नसलेले मूल्य थेट ठेवले तर पहिला नियम हरकत घेतो आणि अशा मूल्यावर उद्गारचिन्ह लावले तर दुसरा हरकत घेतो. हे तीन नियम मी कधीही एकमेकांपासून वेगळे करत नाही.

आणखी एक सापळा आहे. एकाच स्टेटस चलात एका कॉलचे उत्तर घेऊन ते न वाचताच पुढच्या ओळीत दुसऱ्या कॉलचे उत्तर त्यावर लिहिलेले आढळते, १७.७ समाधानी असतो आणि पहिल्या कॉलचे अपयश हरवते. त्यासाठी क्लँगच्या ॲनालायझरमधील ‘डेड स्टोअर’ ही तपासणी किंवा आपल्या टूलमधील तिच्यासारखी तपासणी चालू ठेवावी.

जुन्या कोडमधील वॉर्निंग बेसलाइन म्हणून, म्हणजे आधीपासूनच्या म्हणून नोंदवून, गोठवाव्यात आणि नव्या वा बदललेल्या ओळींवर मात्र बिल्ड थांबवावे.

शेवटी, दहा-बारा ओळींची एक मुद्दाम बिघडवलेली फाइल तयार करावी : एका वाटेने मूल्य न देणारे फंक्शन, ‘व्हॉइड’ने झाकलेले अपयश, उद्गारचिन्हाने तपासलेले उणे १ आणि न वाचताच पुसले गेलेले स्टेटस. टूलची आवृत्ती किंवा कॉन्फिगरेशन बदलले की प्रथम ही फाइल तपासावी, आणि चारही दोष अहवालात दिसल्यानंतरच खऱ्या प्रकल्पाचा अहवाल उघडावा.